गावचं वाचनालय आणि व्हॉट्सअ‍ॅप : पुस्तक वाचकाच्या हाती पोचवायला याचा उपयोग कसा करायचा?

देवघेव

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपालाचं काम करतो. शासनाच्या वर्गवारीत ‘इतर ब’ वर्गातलं वाचनालय. खाली गाव आणि वर डोंगरात पसरलेल्या वाड्या. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडतं, आणि नेमक्या त्याच वेळेला वाडीवरची माणसं धारा काढत असतात नाहीतर रानातून परतत असतात. वर्गणी भरणाऱ्यांत त्यांची नावं आहेत, पण देवघेव रजिस्टरात त्यांच्या पानावर महिनोन्‌महिने नोंद नसायची. हा धागा त्यांच्यासाठी काढतोय.

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जुना आहे. त्यात गावातले सभासद, माथाडीच्या कामाला मुंबईला जाऊन तिथंच स्थायिक झालेली मंडळी, दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते, सगळेच होते. सकाळी सुप्रभात, मग वाढदिवस, मग कुणाच्या तरी निवडीचं अभिनंदन. ‘नवीन पुस्तकं आली आहेत’ ही आमची सूचना त्यात कुठल्या कुठे जायची. लोकांनी ग्रुप म्यूट करून टाकला. मग समितीनं ठरवलं की फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं. गोंगाट थांबला, पण ‘अमुक पुस्तक आहे का हो?’ असं विचारणारेही गप्प झाले.

फरक पडला तो एका फोटोनं. गुरुवारी मी एका खणाचा फोटो काढतो आणि सभासदांना पाठवतो. पुस्तकांचे कणे सरळ उभे, आणि कण्याच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा दाखल नंबर (पुस्तक वाचनालयात दाखल होताना त्याला मिळतो तो क्रमांक) वाचता येईल इतक्या जवळून. ट्यूबच्या उजेडात प्लास्टिकच्या कव्हरवर चकाकी येते आणि नावं वाचता येत नाहीत, म्हणून दिवसाउजेडी, खिडकीकडे पाठ करून काढायचा. वाचक त्याच फोटोवर बोटानं लाल गोल काढून तो मला परत पाठवतात. ज्यांना मराठी टाइप करणं जमत नाही त्यांनाही गोल काढता येतो. शुक्रवारी मी ती पुस्तकं बाहेर काढतो, नावाची चिठ्ठी आत ठेवतो, रजिस्टरात नोंद करतो. सकाळी डेअरीवर दूध घालायला वाडीवरून कोणी ना कोणी खाली येतंच, नाहीतर हायस्कूलची मुलं असतात. त्यांच्या हाती पुस्तक वर जातं आणि वाचून झालेलं खाली येतं.

दुसरी गोष्ट आसपासच्या वाचनालयांची. आम्ही चार-सहा ग्रंथपालांनी आपला वेगळा छोटा गट केलाय. त्यात फक्त एवढंच विचारायचं : ‘हे पुस्तक कुणाकडे आहे?’ आमच्याकडे एका आजोबांना कोयना प्रकल्पाबद्दल वाचायचं होतं, धरणाखाली त्यांचं जुनं गाव गेलंय. आमच्या कपाटात काही नव्हतं. शेजारच्या वाचनालयात एक जुनी स्मरणिका निघाली. तिकडून इकडे रोज एसटीनं येणाऱ्या शिक्षकांनी ती आणून दिली. नोंद व्यक्तीच्या नावानं न करता आमच्या वाचनालयाच्या नावानं केली, म्हणजे जबाबदारी संस्थेची.

माझं म्हणणं एवढंच आहे की या साधनांची परीक्षा एकाच गोष्टीवर करावी : त्यानं पुस्तक कपाटातून हललं का? ग्रुपमध्ये किती जण आहेत, किती जणांनी अंगठा दाखवला, याला काही अर्थ नाही. तुमच्याकडे काय चालतं, काय अडतं, ते लिहा.

घाटमाथा

गोल काढून फोटो परत पाठवायची युक्ती फार आवडली. आमच्या ग्रंथपाल मॅडमना हा धागा दाखवतो.

कपाट नं ७

मी ग्रंथपाल नाही, वाचक आहे. नगर जिल्ह्यातल्या एका गावात सून म्हणून आले तेव्हापासून तिथल्या वाचनालयाची सभासद. देवघेव, तुमचा उपक्रम चांगलाच आहे, पण बाईमाणसाच्या बाजूनं एक गोष्ट सांगते.

ग्रुपमध्ये नाव आलं की नंबर सगळ्यांना दिसतो. आमच्या वाचनालयाच्या ग्रुपमध्ये मला घातल्यावर आठवड्याभरात अनोळखी नंबरांवरून ‘हाय’ यायला लागलं. घरी कळलं असतं तर फोनच काढून घेतला असता. मी मुकाट्यानं ग्रुप सोडला. माझ्या ओळखीच्या आणखी दोघी-तिघींनी तेच केलं. वाचनालयाला वाटलं की बायकांना वाचायची आवड नाही!

शिवाय कोण काय वाचतंय हे गावाला कळता कामा नये. एखादी पोटगीच्या कायद्याचं पुस्तक मागेल, एखादी मूल होत नाही म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं काही मागेल. समोर जाऊन मागताना आम्ही आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघतो. ग्रुपमध्ये कोण मागणार? तुम्ही गोल काढलेला फोटो ग्रुपमध्ये मागवता की तुमच्या नंबरवर?

देवघेव

ताई, फोटो थेट वाचनालयाच्या नंबरवरच येतो, ग्रुपमध्ये नाही. पण नंबर सगळ्यांना दिसण्याचा मुद्दा खरा आहे आणि गंभीर आहे. कुणाला विचारल्याशिवाय ग्रुपमध्ये घालायचं नाही, हे वर्गणीच्या फॉर्मवरच छापायला हवं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीबद्दलच आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी आपल्यावर विश्वासानं सोपवलेला नंबर आपण चव्हाट्यावर मांडू नये.

त्याला वाट आहे. ब्रॉडकास्ट यादी केली की प्रत्येकाला निरोप स्वतंत्र जातो, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही, आणि उत्तर फक्त आपल्याकडे येतं. एका यादीत २५६ नंबर बसतात, खेड्यातल्या वाचनालयाला तेवढे पुरतात. एकच अडचण : ज्यानं वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणून वर्गणी घेताना समोरच्याचा फोन मागून ‘वाचनालय’ या नावानं नंबर साठवून द्यायचा. ही दोन मिनिटं दिली नाहीत तर निरोप जातो पण पोचत नाही, आणि ते आपल्या सहज लक्षातही येत नाही.

जुना कार्यवाह

परभणी जिल्ह्यातल्या एका वाचनालयाचा मी बरीच वर्षं कार्यवाह होतो. उत्साहाचं कौतुक आहेच, पण संस्थेच्या बाजूनंही विचार व्हावा.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमानं आपल्याला मान्यता दिली, अ, ब, क, ड असे वर्ग दिले, अनुदान दिलं आणि त्याबरोबर तपासणी दिली. तपासणीला येणारे अधिकारी दाखल रजिस्टर बघतात, देवघेव बघतात, वर्गणीच्या पावत्या बघतात. तुमच्या फोनमध्ये कितीही निरोप असले तरी रजिस्टरात ओळ नसेल तर ती देवघेव झालीच नाही असं समजलं जाईल. म्हणून ग्रंथपालानं फोनवर मागणी घेतली की आधी रजिस्टर उघडावं. हे तुम्ही करता असं दिसतं, ते बरं आहे.

दुसरं म्हणजे सिमकार्ड. ते कुणाच्या नावावर आहे? मी अशी संस्था पाहिली आहे की ग्रंथपाल सोडून गेला आणि त्याच्याबरोबर ग्रुपही गेला, सभासदांचे नंबरही गेले, पुस्तकांची यादी ज्या ईमेलमध्ये होती तो ईमेलही गेला. पासवर्ड त्याच्या मुलाच्या डोक्यात. नवीन माणसानं पाटी कोरी धरून सुरुवात केली. सिम संस्थेच्या नावानं, ईमेल संस्थेच्या नावानं, आणि पासवर्ड बंद पाकिटात कार्यवाहाकडे, असा ठरावच करून ठेवा. ठराव वहीत लिहिला की तो पुढच्या समितीलाही बंधनकारक राहतो.

आणि तिसरी, मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. शासन मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान देतं, बाकीचं संस्थेनं उभं करायचं. २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढ झाली, त्याआधीची वाढ २०१२ ची. मधली दहा वर्षं महागाई थांबली नव्हती. खेड्यातल्या ग्रंथपालाच्या हातात जे पडतं त्यात पूर्ण घर चालत नाही. तो सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडतो आणि मधल्या वेळेत शेती करतो नाहीतर शिकवण्या घेतो. आता त्याच्या हातात फोन दिला की रात्री साडेदहाला कोणीतरी विचारणार, ‘अमुक आहे का?’ आणि उत्तर नाही दिलं तर बैठकीत तक्रार. त्याच्या वेळेची किंमत कोण मोजणार?

पारावर

कार्यवाह काकांशी सहमत. मी तर पुढे जाऊन म्हणेन की फोननंच वाचक पळवला आणि आता वाचकाला बोलवायला आपण फोनच्या दारात उभे राहायचं? वाचनालय ही गावातली एकच जागा उरलीय जिथं माणूस मान वर करून शांत बसतो. तिथं ‘इथे फोन बंद ठेवा’ ही पाटी लावायला हवी. नंबर साठवून द्या, फोटो पाठवा, हे सगळं मला पटत नाही.

देवघेव

पारावर, वाचनालयाच्या खोलीत फोन बंद, याला माझाही पाठिंबा आहे. आमच्याकडे पाटी आहेच. मी बोलतोय ते खोलीत न येऊ शकणाऱ्या माणसांबद्दल. ज्यांना चढ उतरून यायला तासभर लागतो आणि भाताची लावणी सुरू असते. ती फोनमुळे वाचनालयापासून तुटली नाहीत. ती आधीपासूनच लांब होती, आपल्या वेळापत्रकानं त्यांना कधी विचारातच घेतलं नव्हतं.

काका, रात्रीच्या निरोपांवर आम्ही उपाय केलाय. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप वाचनालयाच्या नंबरवर घेतलंय. त्यात कामाची वेळ ठरवता येते. त्या वेळेबाहेर निरोप आला की आपोआप उत्तर जातं : ‘वाचनालय उघडल्यावर कळवतो.’ ठरलेली उत्तरं साठवूनही ठेवता येतात, ‘पुस्तक आहे, शुक्रवारी पाठवतो’, ‘बाहेर गेलंय, आलं की तुमच्यासाठी ठेवतो’ अशी. आणि फोन संध्याकाळी वाचनालयाच्या टेबलाच्या खणात राहतो, घरी जात नाही. हे समितीनं मान्य केलं तरच फोन घेईन, असं मी आधीच सांगितलं होतं. पगाराच्या मुद्द्यावर मात्र तुम्ही लिहिलंत तेच खरं, त्याला अ‍ॅपमध्ये उत्तर नाही.

रेफ_आणि_रफार

मी संगणकाचं काम करतो, दोन-तीन वाचनालयांना याद्या करायला मदत केली आहे. फोटो उत्तम, पण एका फोटोत एकच खण दिसतो. वाचकाला पूर्ण यादी शोधता आली पाहिजे. आणि इथं सगळ्यांची गाडी एकाच जागी अडते, ती म्हणजे फॉन्ट.

बऱ्याच वाचनालयांकडे पंधरा-वीस वर्षांपूर्वी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली यादी असते. ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखी चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये असते. फोनवर उघडली की अगम्य अक्षरं दिसतात, आणि दिसली नीट तरी शोधता येत नाही. ती टाकून देऊ नका. कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणता येते, मग जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासायचे. नवी यादी करायची तर फोनच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला, बऱ्यापैकी बरोबर उमटतं. एकानं कपाटापाशी उभं राहून नावं वाचायची, दुसऱ्यानं गूगल शीटमध्ये बघत दुरुस्त करायची.

रकाने कमी ठेवा : दाखल नंबर, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकार, कपाट आणि खण. किंमत, प्रकाशक, पावती हे दाखल रजिस्टरात आहेच, ते वाचकाला नको असतं. वाचकांना ‘फक्त बघता येईल’ अशी लिंक द्या, नाहीतर कुणाच्या तरी बोटानं ओळी पुसल्या जातात. सभासदांची नावं आणि नंबर या शीटमध्ये चुकूनही ठेवू नका. ती वेगळ्या, कुलपातल्या फाइलमध्ये.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ‘कादंबऱ्या’ मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्याला सारखाच दिसतो पण संगणकाला वेगळा. ‘अ‍ॅ’ आणि ‘ॲ’ चंही तेच. दोघांनी दोन तऱ्हांनी टाइप केलं की पुस्तक कपाटात असूनही शोधात सापडत नाही, आणि आपण वाचकाला ‘नाही’ म्हणून मोकळे होतो. लेखकांच्या आद्याक्षरांचाही असाच घोळ होतो, मधे जागा सोडायची की नाही. सुरुवातीलाच एक नियम करून तो भिंतीवर लावा. यादी पूर्ण झाल्यावर ‘शोधा आणि बदला’ वापरून एकसारखं करून घ्या.

एकदम सगळ्या कपाटांना हात घालू नका. जे कपाट जास्त फिरतं त्यापासून सुरू करा.

अभ्यासिका_रात्रीची

इथं सगळे कथा-कादंबऱ्यांबद्दल बोलत आहेत. गावच्या वाचनालयात आज सगळ्यात जास्त वेळ बसतो तो आमच्यासारखा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी. बीड जिल्ह्यातल्या माझ्या गावात अभ्यासिकेत खुर्च्या कमी आणि मुलं जास्त. चार किलोमीटर सायकल मारून यावं आणि जागा नसावी, असं होतं. ग्रुपवर कोणी एवढंच टाकलं की ‘आज दोन जागा रिकाम्या’ तरी पुष्कळ.

आणि पीडीएफ का नाही पाठवत? टेलिग्रामवर सगळी पुस्तकं मिळतात. वाचनालयानंच पाठवली तर आम्हाला शोधत बसावं लागणार नाही.

देवघेव

जागांचा मुद्दा उद्यापासून अमलात आणण्यासारखा आहे. अभ्यासिकेतल्याच एका मुलाकडे ते काम द्यावं, तो दारातच असतो.

पीडीएफचं मात्र नाही. टेलिग्रामवर फिरतात ती बहुतेक चोरलेली पुस्तकं असतात. लेखक जाऊन साठ वर्षं होईपर्यंत त्याच्या पुस्तकावर हक्क राहतो, ही साठ वर्षं मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सगळ्यांना मोकळं आहे. आजच्या लेखकाचं तसं नाही. वर्तमानपत्रांचंही तेच. २०२० च्या टाळेबंदीत पानंच्या पानं पीडीएफ होऊन गटागटांतून फिरायला लागली तेव्हा वृत्तपत्रांनी उघड आक्षेप घेतला होता. जे प्रकाशक आणि विक्रेते आपल्याला सवलतीत पुस्तकं देतात त्यांच्याच पोटावर वाचनालयानं पाय द्यायचा, हे मला कधीच पटणार नाही.

पण मोकळ्या मनानं वाटता येईल असं खूप काही आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, आणि नोंदी वाचल्या तर इतिहास-भूगोलाच्या तयारीला फार उपयोगी आहेत. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. मराठी विकिस्रोत आहे. खरगपूरच्या आयआयटीनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. ग्रंथपालानं दर आठवड्याला यातलं एक काहीतरी शोधून, दोन ओळी लिहून पाठवावं. नुसती लिंक टाकली तर कोणी उघडत नाही. ‘कोयनेचा भूकंप १९६७, विश्वकोशातली नोंद, वाचायला पाच मिनिटं’ असं लिहिलं की उघडतात.

दक्षिणवारा

न्यूझीलंडमध्ये राहते, मूळची सांगलीची. इथल्या एका गोष्टीची आठवण झाली म्हणून लिहिते.

वेलिंग्टनच्या उत्तरेला होरोव्हेनुआ नावाचा जिल्हा आहे. भाजीपाला आणि दुधाचा मुलूख. लेव्हिन हे मुख्य गाव, फॉक्स्टन आणि शॅनन ही छोटी गावं. तिथल्या ग्रंथालय न्यासाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडलं की बंद पडणार होतं. बाजारातली मोठी सॉफ्टवेअर परवडणारी किंवा जुळणारी नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी कॅटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून स्वतःच्या गरजेपुरतं नवं करून घेतलं, जानेवारी २००० मध्ये ते सुरू झालं, आणि मग त्यांनी ते सगळ्या जगाला मोफत वापरायला दिलं. तेच ‘कोहा’. आज जगभरातली हजारो ग्रंथालयं ते वापरतात, भारतातल्या कितीतरी महाविद्यालयांतही तेच चालतं. त्याची सुधारणा आजही ईमेल याद्या आणि गप्पांच्या खोल्यांमधून, देशोदेशीचे ग्रंथपाल आणि प्रोग्रामर मिळून करतात.

हे सांगण्याचं कारण असं की खेड्यातलं वाचनालय म्हणजे शहरातून झिरपत येईल ते घेणारं, असं समजायचं काही कारण नाही. पण एक सावधगिरीही सांगते. कोहाला सर्व्हर लागतो, तो सांभाळणारा माणूस लागतो, बॅकअप लागतो. एकट्या गावच्या वाचनालयानं त्यात पडू नये. तालुक्यातल्या वाचनालयांनी एकत्र येऊन, किंवा जिल्हा ग्रंथालयाच्या पातळीवर झालं तर मात्र देवघेव, तुमचा ‘हे पुस्तक कुणाकडे आहे?’ हा प्रश्न विचारायचीच गरज उरणार नाही. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं ई-ग्रंथालय हे सॉफ्टवेअरही त्याच कामासाठी आहे. तोवर रेफ_आणि_रफार यांनी सांगितलेली शीटच बरी, आणि ती नीट केली असेल तर पुढे कुठल्याही प्रणालीत भरता येते.

शेवटचा_बाक

रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक आहे. शाळेच्या शेजारीच वाचनालय, त्यामुळे दोन्हीकडे पाय असतो.

ऑनलाइन बैठका आणि लेखकाशी गप्पा हे प्रकार आम्ही करून पाहिले. रेंज नाही, आवाज तुटतो, पाऊस लागला की वीज जाते, आणि पाहुणे तिकडे ‘ऐकू येतंय का?’ विचारत राहतात. मोफत खात्यावर गूगल मीट तासाभरानं बंद होतं, त्यातला निम्मा वेळ जोडण्यातच जातो. मी आता त्या वाटेला जात नाही.

आमच्याकडे चालतो तो आवाजाचा निरोप. मुलानं पुस्तक वाचलं की दोन मिनिटांत सांगायचं, काय आवडलं आणि कुणाला वाचायला द्याल. लिहून आणायचं नाही, बोलायचं. वाचून दाखवलेलं लगेच ओळखू येतं. फाइल लहान असते, रेंज आली की आपोआप उतरते, मग कधीही ऐका. चौथीतल्या एका मुलीनं बेडकांवरच्या पुस्तकाबद्दल मालवणीत इतकं रंगून सांगितलं की तिच्या वाडीतल्या तीन घरांनी ते पुस्तक मागितलं. त्या तिन्ही घरांत मोठी माणसंच वाचणारी! मधेच कोंबडा आरवतो, आजी ‘जेवाक ये’ म्हणून हाक मारते, ते सगळं तसंच ठेवतो. मुलाचं नाव आणि आवाज पाठवायच्या आधी आईवडिलांना विचारतो, आणि फोटो कधीच जोडत नाही.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आम्ही असाच करतो. दिवसभर मुलांचे निरोप एकेक करून जातात, भाषण नाही, हार-तुरे नाहीत.

डोळ्यांनी अधू झालेल्या म्हाताऱ्यांसाठीही हेच. वर्तमानपत्रातले मथळे आणि एखादी बातमी सातवीतली मुलं आळीपाळीनं आपल्या आवाजात वाचून पाठवतात. ज्यांना गरज आहे त्या मोजक्या घरांनाच, सगळ्यांना नाही.

कपाट नं ७

शेवटचा_बाक सर, हे फार छान आहे. माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, पण त्या ऐकतील. आमच्या ग्रंथपालांशी बोलते. ब्रॉडकास्टचंही सांगते, म्हणजे सोडून गेलेल्या बायका परत येतील.

पारावर

मुलांच्या आवाजाचा निरोप मला पटला. तो ऐकून माणूस पुस्तकाकडे जातो. खणाच्या फोटोबद्दलही माझा विरोध नाही म्हणा, फक्त पुस्तकाचीच फाइल पाठवायला लागू नका.

जुना कार्यवाह

चर्चा चांगली झाली. आमच्या समितीपुढे मांडायचं म्हणतो. देवघेव, तुमच्या समितीनं ठराव केला असेल तर त्यातली मुख्य कलमं इथं लिहाल का? म्हणजे प्रत्येक संस्थेला नव्यानं डोकं चालवायला नको. फोनच्या रिचार्जचं काय केलंत तेही लिहा.

देवघेव

लिहितो, काका. ठरावाचा आशय असा : सिम आणि ईमेल संस्थेच्या नावानं, पासवर्ड कार्यवाहांकडे बंद पाकिटात. फोन वाचनालयातच राहील आणि वाचनालयाच्या वेळेतच उत्तर दिलं जाईल. सभासदाचा नंबर त्याच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही गटात घालायचा नाही. निरोप ब्रॉडकास्टनं जातील. मागणी व्यक्तिगत निरोपानं घ्यायची आणि कुणी काय मागितलं ते तिसऱ्याला सांगायचं नाही, समितीच्या सदस्यालाही नाही. प्रत्येक देवघेव त्याच दिवशी रजिस्टरात. हक्क असलेल्या पुस्तकाची पीडीएफ पाठवायची नाही. राजकीय, धार्मिक आणि जाहिरातीचे निरोप या नंबरवरून जाणार नाहीत. हे शेवटचं कलम मांडताना बैठक जरा तापली होती, पण झालं मंजूर.

रिचार्ज अनुदानातून न दाखवता एका देणगीदाराकडून वर्षभराचा घेतलाय आणि त्याची पावती फाडलीय. मुंबईकर मंडळींना ‘काय पाठवू?’ असा प्रश्न पडलेला असतो. त्यांना हे नेमकं काम सांगितलं की लगेच करतात.

शेवटचा_बाक

एक व्यवहारातला प्रश्न राहिला. तुमच्याकडेही पाऊस मुसळधार. जून ते सप्टेंबर पुस्तकं वाडीवर कशात गुंडाळून पाठवता? आमच्याकडे गेल्या पावसात काही पुस्तकांच्या पानांना बुरशी आली.

देवघेव

सर, पावसाळ्यात एका वेळी एकच पुस्तक देतो. ते आधी वर्तमानपत्राच्या कागदात आणि मग खताच्या नव्हे, तर पशुखाद्याच्या गोणीच्या आतल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत. खताच्या पिशवीला वास आणि क्षार राहतात. पिशवीचं तोंड दुमडून रबर लावायचं. परत आलेलं पुस्तक लगेच कपाटात घालत नाही, पंख्याखाली उभं उघडून रात्रभर ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पानं चाळून बघतो. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला असतोच. आणि जुनी, दुर्मीळ पुस्तकं त्या चार महिन्यांत वर पाठवत नाही. वाचकाला तसं फोनवर सांगतो आणि त्याचं नाव दसऱ्यानंतरच्या यादीत पहिलं लावतो.